दांतांची कीड

दांत किडला म्हणजे त्याला ‘कीड लागली’ असें आपण म्हणतों. धान्याला कीड लागते, कापसाला लागते, वांग्याला लागते. तशीच ती दांतालाही लागते, अशी समजूत या एका शब्दानें पिढ्यान्‌पिढ्या करून दिली आहे. शब्द वाईट नाहीं. पण त्यानें मनांत जें चित्र उभें राहतें तें चुकीचें आहे, आणि चुकीच्या चित्रापायीं उपायही चुकीचे होतात. अशा एका उपायामुळें आपल्याच शाळेचा एक विद्यार्थी मरणाच्या दारांतून कसा परत आला, तें प्रथम सांगतों.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. सातव्या इयत्तेंतील एक मुलगा चार दिवस वर्गांत दिसला नाहीं. तो शाळा बुडविणारा नव्हे, म्हणून पांचव्या दिवशीं शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरीं गेलों. आजी ओसरीवर बसली होती. “गुरुजी, पोराच्या दाढेंत किडे झाले होते,” ती म्हणाली. “काल बाजारातल्या माणसाला बोलावून काढवले. सात निघाले. आतां उतार पडंल.” तिनें बशी आणून दाखविली. पाण्यांत सात बारीक, पांढुरक्या, वांकड्या अळ्यांसारखें कांहीं पडलेलें होतें. मुलगा आंत निजला होता. डाव्या जबड्याखालची सूज गळ्यापर्यंत उतरली होती व हातास लांकडासारखी कठीण लागत होती. तोंड धड उघडेना, जीभ वर उचललेली, लाळ गिळवत नसल्यामुळें ती ओठांच्या कोपऱ्यांतून गळत होती; आणि तो बोलूं लागला तेव्हां तोंडांत ऊन बटाटा धरून बोलावें तसा आवाज आला. मी वैद्य नाहीं. शेजारच्या आळींत एक परिचारिका राहतात, त्यांना बोलावून आणलें. त्यांनीं मुलाला एकदां पाहिलें व मला एवढेंच विचारलें, “गाडी कोणाची मिळेल?”

जिल्ह्याच्या गांवीं रुग्णालयांत पोंचतांच त्याच्या हनुवटीखालीं छेद देऊन पू काढण्यांत आला, शिरेंतून औषध सुरू झालें, आणि दोन दिवसांनीं दाढही काढली. डॉक्टर म्हणाले, किडलेल्या दाढेंतला पू जिभेखालच्या जागेंत पसरला होता. रात्रभर घरीं राहिला असता तर जीभ मागें ढकलली जाऊन श्वासाची वाट बंद झाली असती. या विकाराचें वर्णन जर्मनींतील लुडविग नांवाच्या वैद्यानें १८३६ सालीं केलें, म्हणून वैद्यकांत त्याच्याच नांवानें तो ओळखला जातो. लुडविगच्या काळीं त्यांत सांपडलेले बहुतेक रोगी दगावत असत. आमचा विद्यार्थी पंधरा दिवसांनीं घरीं आला.

एक गोष्ट लपवीत नाहीं. त्यापूर्वीं महिनाभर तो वर्गांत गालाला हात लावून बसत असे, आणि मीं त्याला दोनदां ‘नीट बैस’ म्हणून दटावलें होतें.

आतां त्या बशींतल्या किड्यांविषयीं. दांतांत किडा असतो ही समजूत एकट्या आपल्या देशाची नाहीं. प्राचीन बाबिलोनी लोकांची तीच समजूत होती आणि युरोपांत ती कित्येक शतकें टिकली. तेथें खुरासनी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर रोग्याच्या तोंडांत घेवविण्याची चाल होती. आपल्याकडे तेंच काम भुईरिंगणीच्या बिया करितात. या दोन्ही वनस्पति वांगें, मिरची व धोतरा यांच्या कुळांतल्या. धुरानंतर भांड्यांतल्या पाण्यांत जे ‘किडे’ दिसतात ते उष्णतेनें फुटलेल्या बियांतून बाहेर पडलेले वांकडे अंकुर होत. कधीं कधीं तर ते वैदूच्या बटव्यांतून आधींच आलेले असतात. धुरानें घटकाभर ठणका कमी झाल्यासारखा वाटतो, आणि तेवढ्यावरच लोकांचा विश्वास बसतो. पीएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें १७२८ सालीं दंतवैद्यकावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. किडलेले दांत सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून आपल्याला असा किडा कोठेंही आढळला नाहीं, असें त्यानें त्यांत स्पष्ट सांगितलें.

मग दांतांत कांहींच सजीव नाहीं काय? आहे, मात्र तें डोळ्यांना दिसत नाहीं. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवीं लेवेनहुक नांवाचा एक कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या कांचांतून बारीक वस्तु पाहण्याचा त्याला नाद होता. तो रोज मिठानें दांत घांशी. तरी दाढांच्या फटींत कणकेसारखा पांढरा साका उरतो असें त्याला दिसलें. तो साका त्यानें पावसाच्या पाण्यांत कालवून भिंगाखालीं धरला, तों त्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळतांना दिसले. हा वृत्तांत त्यानें १६८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविला. ज्यानें जन्मांत दांत घांसले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या तोंडांतला मळही त्यानें पाहिला. तेथें तर जीवांची जत्राच भरली होती. मनुष्याच्या तोंडांत दृष्टीस पडलेले हे पहिलेवहिले जंतु होत, आणि ते सांपडले दांतांच्या मळांत.

हे जंतु करितात काय, तें कळण्यास आणखी दोन शतकें लागलीं. बर्लिन येथें राहणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यानें काढलेले दांत लाळ व पाव यांच्या मिश्रणांत ऊबदार जागीं ठेवले; ते मऊ पडले. पावाऐवजीं मांस घातलें तेव्हां मऊ पडले नाहींत. लाळ आधीं उकळली तेव्हांही पडले नाहींत. यावरून त्यानें अनुमान काढलें कीं, लाळेंतील सूक्ष्म जंतु पिष्टमय व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करितात, आणि तें आम्ल दांताचा चुना विरघळवितें. त्याचा ग्रंथ १८९० सालीं निघाला. पुढें पुष्कळ शोध लागले, पण मूळ सिद्धांत तोच राहिला. म्हणजे आपली ‘कीड’ दांत खात नाहीं. ती साखर खाते, आणि तिच्या उत्सर्गानें दांत झिजतो.

घरीं करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतों. कोंबडीच्या अंड्याचें कवच पेलाभर शिरक्यांत बुडवून ठेवा. लगेच बुडबुडे येऊं लागतील, आणि दोन दिवसांनीं कवच विरून केवळ पातळ पापुद्रा उरेल. दांत अंड्याच्या कवचाहून फार कठीण खरा व त्याचा चुनाही निराळ्या घडणीचा. परंतु आम्लापुढें दोघांची गत एकाच जातीची. रसायनशास्त्र शिकणाऱ्या वरच्या वर्गांतील मुलांसाठीं सांगतों कीं, दांतावरील मळाचा पी.एच. सुमारें साडेपांचाच्या खालीं उतरला म्हणजे दांताच्या कवचांतील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळून बाहेर पडूं लागतात.

दांताचें बाहेरचें कवच हा आपल्या शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ होय, हाडाहूनही कठीण. पण त्यांत जिवंत पेशी नाहींत. हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरून येते. कवचाला एकदां खड्डा पडला कीं तो आपण होऊन भरत नाहीं. कवचाच्या आंत दांताचा मऊ पिवळसर भाग, आणि त्याच्याही आंत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असलेला गर. कवच झिजतांना दुखत नाहीं, कारण दुखायला तेथें कांहीं नाहीं. खड्डा मधल्या थरांत उतरला म्हणजे थंड पाणी व गोड झोंबूं लागतें. गरापर्यंत पोंचला म्हणजे रात्रीची झोंप उडते. आणि मग एके दिवशीं ठणका अचानक थांबतो. घरचे म्हणतात, बरें झालें, दांत शांत झाला. वस्तुतः आंतला गर मेलेला असतो, आणि जंतु मुळाच्या टोकाशीं, जबड्याच्या हाडांत पोंचलेले असतात. आमच्या विद्यार्थ्याच्या आजीनेंही मला हेंच सांगितलें होतें, कीं मधले पंधरा दिवस त्याची दाढ ‘अगदीं गप्प’ होती.

मात्र दांत नुसते बसून मार खातात असें नव्हे. त्यांच्या बाजूनें लढणारी एक मोठी शक्ति तोंडांतच आहे, ती म्हणजे लाळ. दिवसाकांठीं अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर मोडते, आणि विरघळलेला चुना थोडाथोडा परत कवचांत बसविते. अमेरिकेंतील रॉबर्ट स्टीफन यानें १९४० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, साखरेच्या पाण्यानें चूळ भरतांच कांहीं मिनिटांत दांतांवरील मळ आम्ल होतो, आणि पूर्ववत् होण्यास त्याला अर्धा तास ते तासभर लागतो. आतां गणित तुम्हीच करा. जेवणाबरोबर एकदांच चार पेढे खाल्ले, तर दांतांवर एक वेळ हल्ला झाला. तेच चार पेढे दोन-दोन तासांनीं एकेक खाल्ले, तर चार वेळां झाला, आणि लाळेला सांवरावयास फुरसतच मिळाली नाहीं. पेढे तितकेच, दांतांचा हिशेब मात्र चौपट.

स्वीडनमध्यें १९४५ पासून कांहीं वर्षें एक मोठा प्रयोग झाला, त्यांतूनही हेंच निघालें. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दांत फारसे बिघडले नाहींत. दोन जेवणांच्या मध्यें चिकट टॉफी चघळणाऱ्यांचे भराभर किडले. ज्यांच्यावर हा प्रयोग केला ते एका आश्रमांतील मंदबुद्धि रुग्ण होते. त्यांची संमति कोणी विचारली नव्हती, आणि त्यांचे दांत जाणूनबुजून नासविले गेले. ज्ञान मिळालें तें खरें, पण तें कोणाच्या दुःखावर मिळालें याचा विसर पडूं नये, असें मला वाटतें.

मधल्या सुट्टींत शाळेच्या फाटकाबाहेर काय विकलें जातें, तें मी रोज पाहतों. लिमलेटच्या गोळ्या, टॉफी, चिकट जेली, साखरपाण्याच्या रंगीत पिशव्या. पेरू, बोरें, काकडी, भाजलेले शेंगदाणे व फुटाणे यांची टोपली आतां क्वचितच दिसते. गूळ साखरेहून निरुपद्रवी, असें कित्येक पालक समजतात. दांतांच्या दृष्टीनें तसें नाहीं. चिक्कीचा चिकट गूळ दाढेच्या खांचेंत अडकला तर तो टॉफीचा सख्खा भाऊ. चहांत बुडविलेलें बिस्किट तसेंच. आणि ज्या मातोश्री तान्ह्या मुलाच्या तोंडांत गोड दुधाची बाटली देऊन त्याला रात्रभर निजवितात त्यांना एक विनंति आहे. झोंपेंत लाळ फार कमी स्रवते. बाळाच्या पुढच्या वरच्या दांतांभोंवतीं तें दूध तळ्यासारखें साचतें, आणि दोन वर्षांचें होण्याआधींच त्या दांतांचीं काळीं खुंटें उरतात. बाटली हवीच असेल तर निजतांना तींत साधें पाणी घालावें.

‘दुधाचे दांत पडणारच, मग त्यांची काळजी कशाला?’ हा प्रश्न पालकसभेंत मला दरवर्षीं विचारला जातो. दुधाचे दांत वीस. तें मूल अडीच-तीन वर्षांचें होईपर्यंत सर्व येतात व त्यांतले कांहीं बारा वर्षांपर्यंत राहतात. तोंवर ते पुढच्या दांतांची जागा राखून ठेवितात. दुधाची दाढ किडून अकालीं काढावी लागली कीं शेजारचे दांत त्या जागेंत सरकतात, आणि पक्का दांत वांकडा येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या सर्व दाढांच्या मागें एकेक नवी दाढ येते. ती कोणत्याही दांताच्या जागीं येत नसल्यामुळें, तिच्यासाठीं कांहीं पडत नसल्यामुळें, ती आलेली घरांत कोणाला कळतच नाहीं. कळलें तरी ती दुधाचीच समजतात. ती दुधाची नव्हे. ती पहिली पक्की दाढ होय, जन्मभराची. तिच्या माथ्यावर खोल खांचा असतात, आणि घांसणारा सहा वर्षांचा असल्यामुळें ब्रश तेथपर्यंत पोंचत नाहीं. म्हणून सर्वांत आधीं किडते ती हीच. आमच्या विद्यार्थ्याची काढलेली दाढ हीच होती. वयाच्या तेराव्या वर्षीं त्यानें साठ वर्षांची सोबतीण गमावली. पालकहो, तुमच्या मुलाला सहावें लागलें असेल तर आज रात्रीं दिव्याजवळ त्याचें तोंड उघडून मागच्या बाजूस पाहा. दंतवैद्याकडे या दाढेच्या खांचा एका पातळ लेपानें बुजवितां येतात; त्याला टोंचावें लागत नाहीं कीं कोरावें लागत नाहीं.

घांसण्याविषयीं आपले पूर्वज अज्ञानी होते असें नाहीं. चरकसंहितेंत दांत दिवसांतून दोन वेळां घांसण्यास सांगितलें आहे, काडीचें टोंक चेचून मऊ करण्यास सांगितलें आहे, आणि हिरड्यांना इजा होऊं देऊं नये असेंही बजावलें आहे. जीभ खरवडण्याच्या पट्ट्या कोणत्या धातूंच्या असाव्यात, हेंसुद्धां तींत आहे. आम्हीं काय केलें? त्यांतली सकाळची वेळ तेवढी ठेविली व रात्रीची सोडून दिली. वास्तविक दोहोंपैकीं रात्रीचीच अधिक मोलाची, कारण निजल्यावर लाळेचा पहारा उठतो. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चांगली चेचून, सावकाश वापरली तर ती मळ काढते. कोळसा, विटकरीची भुकटी व राखुंडी यांनीं दांत पांढरे दिसतात खरे, पण घांसकागदानें भांडें चकचकीत होतें तसे. कवचाचा थर प्रत्येक वेळीं थोडा उतरतो.

मऊ केसांचा लहान ब्रश घ्यावा. तो हिरडी व दांत जेथें मिळतात त्या रेषेवर किंचित् तिरका धरून लहान लहान फेऱ्यांनीं फिरवावा. आडवी करवत चालवूं नये. बाहेरची बाजू, आंतली बाजू, चावण्याची बाजू, असें करीत दोन मिनिटें सहज लागतात. घड्याळ समोर ठेवून पाहा, आपण आजवर किती उरकत होतों तें कळेल. टूथपेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातींत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवितात ती विकणाऱ्याच्या फायद्याची. थुंकून टाकावी, पण नंतर तोंड खळाखळा धुऊं नये. थोडें फ्लोराइड दांतांवर राहावें हाच हेतु असतो. चिंच, कैरी किंवा लिंबू खाल्ल्यावर लगेच ब्रश करूं नये. आम्लानें मऊ झालेलें कवच त्यानें खरवडलें जातें. पाण्यानें चूळ भरून अर्धा तास थांबावें. हिरड्यांतून रक्त येतें म्हणून पुष्कळ जण तेथें ब्रश लावणें सोडतात. हें उलट आहे. रक्त येतें तें तेथें मळ साचल्यामुळें; हलक्या हातानें नेमानें घांसल्यास बहुधा आठपंधरा दिवसांत तें थांबतें. न थांबल्यास दंतवैद्याला दाखवावें.

फ्लोराइडचें नांव आलें म्हणून एक गोष्ट सांगून पुढें जातों. अमेरिकेंत कोलोराडो स्प्रिंग्ज गांवच्या लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग असत. फ्रेडरिक मॅकाय हा तरुण दंतवैद्य १९०१ सालीं तेथें गेला आणि त्या डागांच्या मागें लागला. दांत डागाळलेले, पण किडलेले फार थोडे, हें पाहून तो चक्रावला. पाण्यांतील फ्लोराइड हें त्याचें कारण १९३१ सालीं उघड झालें. अगदीं अल्प प्रमाणांत तें दांत बळकट करितें, अधिक झालें तर डाग पाडतें, आणि फारच झालें तर हाडें व सांधे जखडून टाकतें. आपल्या यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या विंधन विहिरींत तें प्रमाणाबाहेर आहे. लिटरमागें दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेनें घातलेली मर्यादा. तिकडून आपल्या वसतिगृहांत आलेल्या मुलांच्या दांतांवरचे डाग पाहून कोणी त्यांना हिणवूं नये. तो त्यांचा आळस नव्हे. त्यांच्या गांवचें पाणी तसें आहे.

आतां ज्या विषयाला मी थोडा भीत भीत हात घालतों, तो मिश्रीचा. आमच्याकडे पुष्कळ घरीं आया व आज्या दांत मिश्रीनें घांसतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली ती भुकटी. ती दांत घांसण्याचें साधन नव्हे, तंबाखू खाण्याची ती एक तऱ्हा आहे. ज्या मायबहिणी विडीला हात लावणार नाहींत त्या मिश्रीची डबी मात्र कनवटीला बाळगतात, आणि सकाळीं एकदां लावायची ती हळूहळू दिवसांतून चार-पांच वेळां लागते. लावली नाहीं तर डोकें चढतें, पोट साफ होत नाहीं, असें त्या सांगतात, आणि तें खोटें नसतें. तीच ती निकोटिनची ओढ. माझी आईही मिश्री लावीत असे. मी पदवीधर होऊन आलों तरी तिला कधीं कांहीं बोललों नाहीं. आईला तोंडाची स्वच्छता काय शिकवायची, असें वाटे. तिच्या गालाच्या आंत पांढरा चट्टा आला तो आम्हां कोणास कळला नाहीं, आणि कळला तेव्हां उशीर झाला होता.

म्हणून लिहितों. तोंडांत पांढरा अथवा लाल चट्टा, गांठ किंवा फोड येऊन दोन आठवड्यांत बरा झाला नाहीं, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवावा. दुखत नसला तर अधिकच. आरंभीं सांपडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊं शकतो. गरोदरपणीं मिश्री लावल्यानें मूल कमी वजनाचें जन्मण्याचा धोका वाढतो. टूथपेस्टींत व दंतमंजनांत तंबाखू घालण्यास आपल्या सरकारनें १९९२ सालीं बंदी केली. २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणें हा गुन्हा आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत ती कोणालाही विकतां येत नाहीं. तेव्हां विद्यार्थ्यांनो, घरून मिश्रीची पुडी आणावयास धाडलें तर नम्रपणें सांगावें कीं, मला ती दुकानदार देऊं शकत नाहीं. एवढ्यानेंही कधीं कधीं घरांत बोलणें सुरू होतें.

सुपारीबद्दलही तेंच. गुटख्याला महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी झाली, पण सुगंधी सुपारीच्या पुड्या मुलांच्या खिशांत सांपडतात, आणि ‘यांत तंबाखू नाहीं, सर’ असें उत्तर मिळतें. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें दिलेला आहे. सुपारी चघळणाऱ्याच्या गालांची आंतली कातडी हळूहळू ताठ होत जाते व तोंड उघडेनासें होतें. आपलीं मधलीं तीन बोटें उभीं धरून तोंडांत जातात कीं नाहीं, हें प्रत्येकानें पाहावें. जात नसतील तर दंतवैद्याकडे जावें.

तोंडाचा रोग तोंडांतच राहत नाहीं. मधुमेह्यांच्या हिरड्या लौकर बिघडतात, आणि हिरड्यांतला पू निघेपर्यंत रक्तांतली साखर आटोक्यांत येणें कठीण जातें; दोन्ही दुखणीं एकमेकांस हात देतात. ज्यांच्या हृदयाच्या पडद्यांना आधींच इजा झालेली आहे त्यांच्या रक्तांत दांतांतले जंतु शिरून त्या पडद्यांवर घर करूं शकतात, आणि तो आजार जीवघेणा असतो. म्हणून अशा मुलांच्या पालकांनीं दांत काढण्यापूर्वीं हृदयाचा विकार दंतवैद्यास अवश्य सांगावा. हृदयविकाराचा झटका हिरड्यांच्या रोगानें येतो असें जें हल्लीं सरसकट बोललें जातें, तें मात्र अद्याप सिद्ध झालेलें नाहीं; दोन्ही पुष्कळदां एकाच माणसांत आढळतात, इतकेंच खरें.

शेवटीं क्रीडांगणावरची एक गोष्ट. गेल्या वर्षीं हुतूतूच्या सामन्यांत एका खेळाडूचा पुढचा दांत समूळ निघून मातींत पडला. मीं तो उचलला, नळाखालीं धरला, चिखल जावा म्हणून मूळ रुमालानें खसाखसा पुसलें, आणि कागदांत गुंडाळून खिशांत ठेविला. दोन तासांनीं दंतवैद्याकडे पोंचलों तेव्हां त्यांनीं कागद उघडून पाहिला व मान हलविली. मुळावरचें जें पातळ जिवंत आवरण दांताला हाडांशीं जोडतें, तेंच मीं पुसून व वाळवून टाकलें होतें. मीं करावयास हवें होतें तें असें: दांत वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावूं नये, माती असेल तर दुधानें अथवा पाण्यानें नुसता क्षणभर विसळावा, आणि पक्का दांत असेल तर लगेच त्याच्या खोबणींत बसवून स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावें. दुधाचा दांत मात्र परत बसवूं नये. बसवितां आला नाहीं तर पेलाभर थंड दुधांत टाकावा, आणि अर्ध्या तासाच्या आंत, फार तर तासाभरांत, दंतवैद्याकडे न्यावा. या शनिवारीं मीं क्रीडांगणापासून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरापर्यंत एका मुलाला धांवावयास लावून वेळ मोजली. दोन मिनिटें लागलीं. दूध तेथें खिडकीजवळच्या कपाटांत, खालच्या फळीवर असतें.